पंख्याची दोन पाती

विमान आलं तेव्हा आवाज नव्हता, हेच आधी लिहायला हवं. मोडनिंबजवळ चुलतीच्या रानात आम्ही बायका ज्वारीची कणसं मोडत होतो. अंगावरून सावली सरकली आणि एक छोटं शिकाऊ विमान शेजारच्या मोकळ्या तुकड्यात गचके खात उतरलं, बांधाच्या हातभर अलीकडे थांबलं. आतून एकटी मुलगी उतरली, माझ्याच वयाची. चुलतीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"बरं झालं सरी धरून आलीस गं. आडवी आली असतीस तर उलटली असतीस."

"इंजिन बंद पडलं," ती म्हणाली.

दोन तासांनी तिच्या प्रशिक्षण संस्थेचा साहेब जीप घेऊन आला. त्यानं तिला जीपमध्ये बसवलं आणि हातात तयार माफीनामा दिला: इंजिन चालू असताना मी घाबरून उतरले. त्याखाली सही झाली की तिचं उडणं संपणार, आणि इंजिनाची देखभाल कोण करतं हे कुणी विचारणार नाही. मग साक्षीदाराचा कागद घेऊन तो चुलतीकडे आला.

"काकू, इथं फक्त सही."

"वाच गं," चुलती मला म्हणाली. मी मोठ्यानं वाचलं. इंजिनाचा आवाज शेवटपर्यंत येत होता, म्हणे.

"खोटं हाय. पंखा थांबलेला हुता. दोन पाती. मोजली मी."

"तुम्हाला विमानातलं काय कळतं?"

"तुमच्या घरी चालत्या पंख्याची पाती मोजता येत्यात व्हय?"

बाया खदखदून हसल्या. साहेब चिडला. "चौकशीसाठी सोलापूरला खेपा घालाव्या लागतील."

"घालू की. एस्टी हाय."

मी बायकांच्या चळवळीची पत्रकं वाचत वाढले. एवढं पक्कं शिकले: आपलं म्हणणं दुसऱ्यानं लिहून आणलं, तर त्याखाली सही करायची नाही. माझ्या वहीत मी चुलतीचं बोलणं तिच्याच शब्दांत उतरवलं. तिनं सही केली. मागोमाग बाकीच्या बायांनीही केली. ते पान मी जीपच्या खिडकीतून मुलीला दिलं.

तिनं दोनदा वाचलं.

"खाली उतरू नकोस," साहेब म्हणाला.

ती उतरली. माफीनामा सही न करताच त्याच्या हातात ठेवला. "सर, काय झालं ते मी स्वतः लिहीन."

माझ्याकडून पेन आणि वहीतलं कोरं पान घेतलं आणि त्याच्याच जीपच्या बॉनेटवर ते ठेवून ती उभ्यानं लिहायला लागली.