तीन 'आ' आणि एक पिन

आमच्या घरात स्पीकरसाठी भांडणाऱ्या सगळ्यांची सुरुवात 'आ'पासून होते, हे माझ्या डब्यावर अक्षरं लिहून झाल्यावरही लक्षात आलं नव्हतं.

डबा श्रीखंडाचा. चंदनसारच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्पीकर एक आणि हक्कदार तिघे. आईच्या फोनवर भजनं, आबांच्या (म्हणजे माझ्या वडिलांच्या) टीव्हीवर बातम्या आणि बायकोच्या, आरतीच्या, टॅबवर योगाचा वर्ग. एकाची पिन उपटायची, दुसऱ्याची खुपसायची आणि मग भांडायचं. म्हणून मी डब्याला भोकं पाडली, तीन घरांचं फिरतं बटण बसवलं, सोल्डरिंग केलं (वायरला सहा ठिकाणी, सतरंजीला एका) आणि मार्करने लिहिलं: आ, आ, आ. 'बंद'साठी घर ठेवायचं राहिलंच. यापुढे पिनेला कुणी हात लावायचा नाही, असं मी जाहीरही केलं.

पुढच्याच रविवारी धाकट्या बहिणीला, मनीषाला, बघायला पाहुणे आले. मुलगा तिला फोटोत आवडला होता. हे तिने फक्त आरतीला सांगितलं होतं, म्हणजे घरभर माहीत होतं. आधीची दोन स्थळं आमच्या बडबडीने गेली होती, तेव्हा आज कमी बोलायचं असं ठरलं होतं. आईच्या फोनवरून मंद सनई चालू होती. आबांचा टीव्ही आणि आरतीचा टॅब नुसतेच दिसत होते. केळ्याचे घारगे मनीषानेच केलेत, एवढं मात्र आई तीनदा बोलली.

तेवढ्यात सनई थांबली. अर्नाळ्याच्या मावशीचा फोन! आईने पिनेसकट तो कानाला लावला आणि काही ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोल, म्हणाली. मावशी आज्ञाधारक.

"पाहुने आले का गं?" स्पीकर गरजला. "घारगे खाल्ले? मी केले म्हनून सांगू नको हां! पोरीने केले म्हन!"

मुलाच्या आईचा हात घारग्यासह हवेतच थांबला. मी डब्यावर झेप घेतली. कुठला 'आ'? एक घर फिरवलं, तर "सर्वात मोठा खुलासा!" म्हणून बातमीदार ओरडला. आणखी एक फिरवलं, तर योगाच्या बाई मुलाच्या वडिलांना पोट आत घ्यायला सांगू लागल्या. (त्यांनी घेतलं.) घाबरून पार उलटं फिरवलं, तर पुन्हा मावशी: "पोरीला चहा बी येत नाय, ते पन सांगू नको!"

मनीषाचे डोळे भरून आले. माझ्या डब्याने तिसरं स्थळही घालवलं, असं मला वाटलं.

मुलगा शांतपणे उठला, स्पीकरची पिन उपटली आणि परत जागेवर बसला.

त्या शांततेत त्याची आई हसू लागली. घारगे तिलाही जमत नाहीत, मावशींची कृती मिळेल का, असं तिने विचारलं आणि दुसरा उचलला. मला इतकं हायसं वाटलं, की मीही दोन खाल्ले.

संध्याकाळी दोन्हीकडून होकार झाला. मुलात काय आवडलं, असं मी मनीषाला मुद्दाम विचारलं.

"दादा," ती म्हणाली, "पिन काढायचं सुचणारा माणूस मी या घरात पहिल्यांदाच पाहिला."