सलीमची टोपी आणि बाबांचा फेटा

किस्से हे धुतलेल्या कपड्यांसारखे असतात. घड्या आज घालू, उद्या घालू म्हणता म्हणता खुर्चीवर ढीग होतो आणि एक ओढायला गेलं की चार खाली पडतात. आमच्या घरच्या ढिगात निम्मे कपडे सलीमचे आहेत!

सलीम ओमानचा. कार्डिफमध्ये आम्ही दोघंही एकाच हॉस्पिटलात भूल देतो. आठवडाभर तो आमच्यासारखाच स्क्रब्जमध्ये असतो. पण ईदला घालतो पायघोळ पांढरा दिशदाशा. त्याच्या गळ्याशी अत्तर लावलेला गोंडा आणि डोक्याला मसर, म्हणजे त्यांचा काश्मिरी लोकरीचा फेटा!

*

एका ईदला मशिदीत जाता जाता तो आदल्या दिवशीच्या एका पेशंटला बघायला वॉर्डात डोकावला. वेल्श आजोबा नुकतेच डोळे उघडत होते. समोर पांढरंशुभ्र, दरवळणारं कुणीतरी उभं!

"मेलो का मी?" आजोबांनी घाबरत विचारलं.

"छे हो! संध्याकाळी वेल्सची रग्बीची मॅच आहे."

आजोबांनी सुस्कारा सोडला. "हरणार. म्हणजे जिवंतच आहे!"

*

सलीमकडे पाहुण्याने एखाद्या वस्तूचं फार कौतुक केलं, की ती त्याला देऊन टाकायची पद्धत. आम्हाला हे कुठे माहीत! माझा नवरा मिलिंद त्याच्या भरतकाम केलेल्या गोल टोपीला "काय सुंदर, काय सुंदर" करत बसला. सलीमने ती काढली आणि सरळ मिलिंदच्या डोक्यावर ठेवली. परत घेईचना!

मिलिंद अजून सगळ्यांना सांगतो, "मला आयुष्यात एकानेच प्रेमाने टोपी घातली!"

तेव्हापासून सलीमची नवी गाडी दिसली की आम्ही गप्प बसतो.

*

माझे बाबा कोल्हापूरहून आमच्याकडे आले, ते नातवाच्या, म्हणजे आमच्या मुलाच्या, ओंकारच्या लग्नासाठी. पहिल्याच रात्री सलीम जेवायला. सौदीत दिशदाशाला 'थोब' म्हणतात हे त्याने सांगितलं, आणि मिलिंदने त्याला गंभीर चेहऱ्याने शिकवलं, "मराठीत लांब सदऱ्याला थोबाड म्हणतात."

बाबा नवा झब्बा घालून बाहेर आले. सलीम अदबीने उठून उभा राहिला. "अंकल, थोबाड फारच छान!"

मी डोळेच मिटून घेतले. बाबा मात्र खो खो हसत म्हणाले, "अरे, हे तर आमच्या हिनेही कधी म्हटलं नाही!"

त्या रात्रीपासून दोघांची गट्टी जमली.

*

आमच्या घरातल्या प्रत्येक नवरदेवाचा फेटा बाबांनी बांधलाय. आता त्यांचे हात थरथरतात. मिलिंदने लेस्टरहून रेडिमेड फेटे मागवले, ते बघून बाबांनी खोक्याचं झाकण हळूच लावून टाकलं. मला ते फार लागलं.

लग्नाच्या सकाळी ओंकार म्हणाला, "आजोबा, मला बॉक्समधला नको. तुमचा फेटा पाहिजे."

बाबांनी कापड हातात घेतलं. एक वेढा घेतला, तो सुटला. दुसरा घेतला, तोही सुटला. खोलीत कुणी कुणाकडे बघेना.

सलीम दारात उभा होता, ईदच्या थाटात. आत येऊन म्हणाला, "अंकल, घरी वडिलांचा मसर मीच बांधायचो. तुम्ही सांगा, मी बांधतो."

बाबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. मसर मागून पुढून निरखला आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "गाठ कुठाय?"

"गाठ नाही, अंकल. नुसतं खोचायचं."

"आमचंही तसंच!" म्हणत बाबा खुर्चीत बसले आणि अस्सल कोल्हापुरीत सुरू झाले. "वढ! आनी वढ! आता पीळ दे! अरं कान झाकू नको त्याचा! सोड, परत घे!"

सलीमला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तो बाबांच्या थरथरत्या बोटाकडे बघत होता, आणि बोट वळेल तिकडे कापड वळत होतं. शेवटी तुरा ताठ उभा राहिला. मी सलीमचा हात घट्ट धरला. हे लिहितानाही डोळे भरून येताहेत.

मांडवात मुलीचे मामा फेटा बघून थबकले. "वा! बांधणारा कुठून आणलात?"

बाबा काठी टेकून ताठ उभे राहिले.

"मीच बांधलाय. हात तेवढे सलीमचे!"