अक्कांच्या दोन खोल्या

तीस-पस्तीस वर्षं मी या गोष्टीला वळसा घालत आलो. बायको होती तोवर तिलाही सांगितली नाही, मुलांचा तर प्रश्नच नव्हता. दोनदा कागद घेऊन बसलो आणि दोन्ही वेळा भलतंच काही लिहून उठलो. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच सांगता येईल.

जळगावच्या जुन्या पेठेत एक तीन मजली घर होतं. कुणा कापसाच्या व्यापाऱ्यानं बांधलेलं — सागवानी खांब, रस्त्यावर नक्षीची गॅलरी, दारांना पितळी कड्या. ते एका कुटुंबासाठी बांधलेलं होतं. मी राहायला गेलो तेव्हा त्यात नऊ बिऱ्हाडं होती. नातवंडांच्या वाटण्या झाल्या, मग प्रत्येकानं आपल्या वाट्यात फळ्या ठोकून खोल्या पाडल्या. छतावरचं एक रंगीत फूल अर्धं आमच्याकडे होतं आणि अर्धं फळीपलीकडे, अक्कांकडे.

तिसऱ्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं. आमची दीड खोली, त्यात पाच माणसं. मी डाळ मिलमध्ये कारकून होतो. आणि वेणूअक्का — विधवा, एकट्या, गॅलरीच्या बाजूच्या दोन खोल्यांत. धुळ्याकडच्या खेड्यातल्या. इतकी वर्षं शहरात काढून अहिराणीच बोलायच्या, आणि मला भाऊ म्हणायच्या. दोन खोल्या, गॅलरी, स्वतःची मोरी. मी त्या खोल्यांकडे कसा बघायचो हे सांगायला हवं का? सांगतो. रोज बघायचो.

ऐंशीनंतरची सात-आठ वर्षं गेली असतील. अक्कांची मुलगी धुळ्याला बाळंतपणात अंथरुणाला खिळली. दिवाळी झाली आणि अक्का तिकडे गेल्या. जाताना किल्ली माझ्या हातात दिली.

त्या काळी भाडेकरूंना एक गोष्ट पाठ असायची. सहा महिने खोली बंद राहिली की मालक कोर्टात जातो आणि म्हणतो, यांना जागेची गरज नाही. म्हणून गावाला जाणारा माणूस शेजाऱ्याला सांगून जायचा — दिवा लावत जा, मीटर फिरलं पाहिजे. दोरीवर एखादं लुगडं वाळत घाल. आमच्या घरात हे सगळेच करत. मीही दुसऱ्यांसाठी केलं होतं. अक्कांनी तेवढंच मागितलं.

संक्रांतीपर्यंत मी केलं. संध्याकाळी मिलमधून आलो की कुलूप काढायचं, दिवा लावायचा, जेवणं झाली की विझवायचा. मग एक दिवस मालकाचा मुलगा जिन्यात भेटला. हसत म्हणाला, "काय हो, तुमच्याकडे पाय पसरायचे तर नंबर लावावा लागतो म्हणे?"

मीही हसलो. तो म्हणाला, "वरच्या दोन खोल्या मोकळ्या झाल्या तर बाहेरचा माणूस कशाला आणायचा? घरातलाच बरा." एवढंच. मी हो म्हणालो नाही. पण नाही तरी कुठे म्हणालो? त्या संध्याकाळी किल्ली घेऊन अक्कांच्या दारापर्यंत गेलो, आणि परत फिरलो. त्यानंतर ते दार मी उघडलं नाही.

इथे थांबलो असतो तर तो आळस म्हणून खपला असता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का आल्या. आठ दिवस राहिल्या. खालच्यांशी त्यांचं फारसं जमत नसे, त्या वरच असायच्या. स्टोव्हवर मातीचं खापर पालथं ठेवून त्यांनी मांडे केले आणि पहिलं ताट आमच्याकडे पाठवलं. मी तीन मांडे खाल्ले, बरोबर आमरस. मला हे इतकं स्पष्ट आठवतं. दिवा लावला नव्हता हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मीही बोललो नाही. जाताना किल्ली पुन्हा माझ्याच हातात दिली.

पावसाळ्यात मालकानं दावा लावला. विजेची बिलं दाखवली — संक्रांतीपासून मीटर जवळजवळ हललंच नव्हतं. अक्का धुळ्याहून धावत आल्या. बिलं बघून मलाच समजावू लागल्या, "मीटर अडकी गया व्हई, भाऊ. तुना काय दोष शे?"

दोष. तो शब्द त्यांनी माझ्यावरून उचलून त्या जुनाट मीटरवर ठेवला, आणि मी ठेवू दिला.

खालच्या बिऱ्हाडांनी हात वर केले. मालकाशी वाकडं कोण घेणार? उरलो मी. अक्कांच्या वकिलानं मला साक्षीदार म्हणून बोलावलं. आखाजीला त्या आठ दिवस इथे राहिल्या, चूल पेटली, एवढं मी सांगितलं असतं तरी सहा महिन्यांचा हिशेब मोडत होता. वकिलानं विचारलं, "मधल्या काळात या बाई तिथे राहायला आल्या होत्या का?"

मी म्हणालो, "माझ्या पाहण्यात नाही."

तीन शब्द. टाइप करणाऱ्यानं ते लगेच उतरवले. मागच्या बाकावर अक्का बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू यायचं. मी बाहेर आलो तर त्या उठून उभ्या राहिल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

निकाल लागला. अक्कांनी दोन ट्रंका आणि खापर घेऊन खोल्या सोडल्या. बायकोनं विचारलं, "अक्कांचं असं कसं झालं हो?" मी म्हणालो, "वकील कच्चा पडला." तिनेही ते मांडे खाल्ले होते. महिन्याभरात मालकाच्या मुलानं मधली फळी काढली आणि ते छतावरचं फूल पूर्ण झालं. आम्ही त्याखाली अकरा वर्षं झोपलो. माझ्या मुलांचे अभ्यास त्या गॅलरीत झाले, मुलीला बघायला पाहुणे तिथेच आले. सगळं चांगलं झालं. तेच तर सांगतोय.

एकदा मी धुळ्याला गेलो. सांगायचंच म्हणून गेलो. एसटीत बसून शब्द जुळवले. अक्का जावयाच्या घरात मधल्या बोळात राहत होत्या — एक खाट, तिच्याखाली ट्रंका, येणारा-जाणारा त्यांचे पाय चुकवून जायचा. मला बघून त्यांना कोण आनंद. शेजारणीला हाक मारून बोलावलं आणि सांगितलं, "हाऊ मना जळगावना भाऊ. कोर्टमा बठ्ठा फिरी ग्यात, हाऊ एकलाच मनासाठे उभा ऱ्हायना."

सगळे फिरले, हा एकटाच उभा राहिला — शेजारीण ते ऐकून माझ्याकडे आदरानं बघत होती. मी चहा प्यायलो.

निघालो तर अक्का काठी टेकत कोपऱ्यापर्यंत आल्या. मी काही तरी अडवून धरलंय हे त्यांना जाणवलं असावं. म्हणाल्या, "काही सांगाले उना का, भाऊ?"

रस्त्यात कुणी नव्हतं. त्या कान पुढे करून उभ्या होत्या.

"नाही अक्का," मी म्हणालो, "सहज आलो होतो."

त्यानंतर त्या दोन वर्षं होत्या. धुळ्याची एसटी तासातासाला सुटायची.