खळ दिलेले पंख

“वाजंना गा. बसलीय. जाळावर धर जरा.”

हे बोलणं माझ्यासाठी नव्हतं. वरातीमुळे आमचा टांगा शुक्रवार पेठेत अडकला होता आणि भिंतीच्या कडेला दोघे हलगीवाले वाळकं गवत पेटवून उकिडवे बसले होते. एकाने हलगी जाळावर फिरवली, टिपरीने ठोकून पाहिली, मान हलवली आणि पुन्हा जाळावर धरली. रात्री शिंतोडे पडून गेले होते, त्या ओलीने हलगीचं कातडं सैल पडलं होतं. चैत्रात आमच्याकडे असं आभाळ सहसा येत नाही, आलंच तरी जमिनीला धड ओल लागायच्या आत निघून जातं. त्या सकाळी मात्र टांग्याची गादीही हाताला गार आणि चिकट लागत होती.

शेजारी दादा बसला होता. त्याला हलगीवाले दिसले नसावेत. तो वर पाहत होता.

“वारा चांगला आहे,” तो म्हणाला. मला नव्हे, स्वतःलाच.

दादा माझा थोरला भाऊ. गिरणीच्या विणकाम खात्यात साहाय्यक होता, पण गेलं वर्षभर त्याचा जीव होटगीच्या वाटेवरच्या एका माळावर असायचा. तिथे पत्र्याच्या छपराखाली एक ग्लायडर होतं. इंजिन नसलेलं, लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेलं विमान. टेकडीच्या कडेवरून रबराच्या जाड दोराने ते गलोलीतल्या खड्यासारखं हवेत फेकायचं आणि मग सगळा भरवसा वाऱ्यावर. त्या उन्हाळ्यात जर्मनीत निरनिराळ्या देशांच्या ग्लायडरांची स्पर्धा होती आणि आपल्याकडून तिघांचा संघ जायचा होता. दोन जागा ठरल्या होत्या. एक पुण्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे प्रोफेसर, दुसरा मुंबईचा एक बडबड्या तरुण पायलट. सोलापूरच्या कोरड्या हवेत ग्लायडर लांब जातं म्हणून दोघे सरावासाठी आमच्याच घरी उतरले होते. तिसरी जागा दादाला मिळायची की नाही, ते त्या सकाळी ठरणार होतं. त्याचं उड्डाण पाहायला मुंबईहून एक गोरे साहेब आले होते आणि दुपारच्या मेलने परत जाणार होते.

मला बरोबर घेतलं होतं ते साहेबांच्या मडमेशी बोलायला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. इंग्रजी मला येतं. बोलणं येत नाही, कुठल्याच भाषेत. घरात चार माणसं जमली की मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते आणि ऐकते. आई म्हणते, “एवढं शिकवलं ते गप्प बसायला.”

वरात हलली, टांगा सुटला. मागे हलगीवर एक टिपरी पडली. आवाज अजून बद्दच होता.

त्याआधीच्या काही दिवसांत काय घडलं होतं ते इथे सांगायला हवं. सरावात एकदा वारा पडला आणि प्रोफेसरांना ग्लायडर ज्वारी काढलेल्या रानात उतरवावं लागलं. धसकटांनी दोन्ही पंखांचं कापड खालून फाडून काढलं. प्रोफेसरांना खरचटलंही नाही, पण पायलट संध्याकाळभर त्यांना सोडायला तयार नव्हता.

“सर, आपण विमान उतरवलंत की कडबा कापलात?”

“माझा अभ्यास उड्डाणाचा आहे,” प्रोफेसर म्हणाले. “उतरणं अजून शिकतोय.”

पंख सोडवून आमच्या अंगणात आणले. दादाने गिरणीतून बारीक सुताचं कापड आणलं आणि आई आणि मी ते पंखांच्या फासळ्यांवर लांब सुईने शिवलं. एक जण वरून सुई घालायची, दुसरी खालून ओढून घ्यायची. त्या पंखाच्या पोटाखाली मी इतके तास बसले की कुठली फासळी कुठे आहे ते मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

शिवलेलं कापड ताणून बसवायला एक खास रोगण लागतं. ते विलायतेहून येतं आणि त्या वेळी मुंबईत कुठेच मिळेना. साहेबांचा दिवस तर ठरलेला. दादा एक पूर्ण दिवस पंखांभोवती फेऱ्या घालत होता. मग उठला आणि शेजारच्या अक्कांकडे गेला. अक्कांचं घर तेलुगू विणकरांचं, चार मागांचं. ताण्याच्या सुताला द्यायची चिंचोक्याची खळ त्या मोठ्या पातेल्यात शिजवत होत्या.

“अय्यो, विमानाला खळ?” अक्का म्हणाल्या. “मंग इस्त्री पण करतो काय रे?”

“करीन, तुम्ही कोळसे दिलेत तर.”

“खळीनं सूत ताठ होतंय. माणूस उडतंय व्हय त्यानं?”

पण त्यांनी खळ दिली. दादाने मोठ्या कुंचल्याने दोन्ही पंखांना ती चोपडली आणि ते उन्हात ठेवले. सोलापूरचं ऊन. दुपारपर्यंत कापड असं ताणलं गेलं की माझे टाके आत रुतून दिसेनासे झाले. दादाने बोटाची टिचकी मारली. पंख खणखणला.

“हलगी आणलीस का रे घरात?” आई स्वयंपाकघरातून ओरडली.

दादा लहान मुलासारखा हसला. मला जवळ बोलावून त्याने पुन्हा टिचकी मारली. “ऐक. हा आवाज आहे तोवर मी वर आहे.”

“आणि गेला तर?” मी विचारलं.

“तर कापड सैल पडलं. त्यात वारा शिरला की पंखाला आकार राहत नाही. मग ते विमान नाही, दोरीवरचं धोतर.” तो हे हसत म्हणाला आणि कामाला लागला.

प्रोफेसर मात्र बराच वेळ पंखाकडे बघत उभे होते. “जर्मनीतल्या त्या डोंगरावर दिवसदिवस धुकं असतं म्हणतात,” ते म्हणाले.

“तिकडे जाईपर्यंत खरं रोगण मिळेल, सर. इथे कुठे धुकं आहे?”

प्रोफेसर कुंचला धुवायला घेऊन गेले. त्यांनीच कापड फाडलं होतं, त्यामुळे आक्षेप घ्यायचा त्यांना संकोच वाटत असावा. मला तो संकोच ओळखू आला.

दोन दिवसांनी पंखांना मुंग्या लागल्या. दादाने खळीत मोरचुदाची निळी पूड मिसळून आणखी एक हात दिला. मुंग्या गेल्या आणि पंखांवर फिकट निळी झाक आली, काही दिवसांपूर्वीच्या मुक्या मारासारखी. ओल लागू नये म्हणून वर व्हार्निश फिरवायचं ठरलं. ते वरच्या बाजूला पुरलं, खालच्या बाजूला पुरलं नाही.

“राहू दे,” पायलट म्हणाला. “खालून कुठे पाऊस पडतो?”

सगळे हसले. मीही हसले.

माळावर दोर ओढायला गिरणीची रात्रपाळी संपवून आलेले गडी असायचे. त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं तेव्हा मी आईबरोबर डबा घेऊन गेले होते. पायलटने सांगितलं, ग्लायडरच्या नाकाला दोर अडकवायचा, दोन बाजूंना गड्यांनी दोन टोकं धरायची आणि शेपूट मागे दोघांनी घट्ट धरून ठेवायची. ‘चाला’ म्हटलं की चालायचं, ‘पळा’ म्हटलं की पळायचं आणि दोर पुरता ताणला की ‘सोडा’. मग शेपटीवाल्यांनी सोडायचं.

“आणि एक नियम,” दादा म्हणाला. “माळावर कोणीही ‘थांबा’ म्हटलं, की थांबायचं. कोण म्हणालं, का म्हणालं, ते मागून विचारायचं.”

“कोनीबी?” एका गड्याने विचारलं. “आन आमच्या म्हशीनं म्हटलं तर?”

“तर म्हशीला सलाम करून थांबायचं.”

“मंग तुमचं इमान काय उडत न्हाई, मालक. लई बडबडी हाय ती.”

तो गडी त्या सकाळी आला नव्हता. टांगा माळावर पोचला तेव्हा निम्मे गडीच नव्हते.

“तिथी दाट हाय, मालक,” आलेल्यांपैकी एक म्हणाला. “समदे वऱ्हाडात गेल्यात की.”

माळ नेहमीचा वाटत नव्हता. आभाळ खाली आलं होतं आणि उजेडाला सावली नव्हती. एरवी या वेळेला घारी वर गिरक्या घेत असतात आणि दादा त्यांच्यावरून हवेचा अंदाज बांधतो. आज चार-पाच घारी टेकडीच्या उतारावर दगडांवर बसल्या होत्या, पंख जरा सुटे धरून. वारा एकदम यायचा, गवत आडवं करायचा आणि एकदम थांबायचा. छपराखालचं ग्लायडर बाहेर काढून टेकडीच्या कडेला आणून ठेवलं होतं. रात्री छपराखाली वरून पाणी आलं नव्हतं, हे दादाने दोनदा विचारून घेतलं. खालची जमीन मात्र काळी दिसत होती.

साहेब मोटारीतून उतरले. मडम आतच बसून राहिल्या, खिडकीची काच वर करून. माझी सुटका झाली असं मला वाटलं, तोच दादा माझ्याकडे आला.

“सर दोराला जातायत. माणसं कमी आहेत. तू डाव्या पंखाचं टोक धरशील? नुसतं आडवं ठेवायचं. ‘सोडा’ म्हटलं की चार पावलं बरोबर पळायचं आणि हात काढायचा.” मग खालच्या आवाजात, “बोलायचं काही नाही.”

हे शेवटचं त्याने माझ्या धीरासाठी सांगितलं होतं. मी पदर खोचला आणि पंखाशी गेले.

ग्लायडरमध्ये बसण्याआधी दादा नेहमी दोन्ही पंखांना टिचकी मारतो. मी वाट पाहत होते. पण साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होते, तो मान हलवत होता, आणि बोलता बोलता ते दोघे थेट नाकाशी गेले. साहेबांनी हात मिळवला. दादा आत बसला. पट्टा आवळला. चष्मा डोळ्यांवर घेतला. टिचकी राहिली.

मी पंखाचं टोक खालून तळव्यावर घेतलं. बोटं कापडाला लागली आणि मला वाटलं, हे दुसरंच काहीतरी आहे. माझ्या टाक्यांच्या गाठी, अंगणात आत रुतून गेल्या होत्या त्या, बोटांना एक एक लागत होत्या. अंगठा दाबला तर कापड आत गेलं आणि तिथेच राहिलं. दोन फासळ्यांच्या मध्ये झोळ पडला होता, अर्धवट वाळलेल्या लुगड्यासारखा. वरून व्हार्निश चमकत होतं. मोटारीपाशी उभं राहून पाहणाऱ्याला पंख नवाकोरा दिसला असता.

मी नखाने टिचकी मारली. काही वाजलं नाही. मग पेठेतला तो हलगीवाला माझ्या डोळ्यांपुढे आला, हलगी जाळावर फिरवणारा.

दुपारची मेल चुकवून साहेब थांबणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. आज उड्डाण झालं नाही तर तिसरी जागा दुसऱ्या कोणाची. आणि पंखाला रोगणाऐवजी खळ दिली आहे हे साहेबांना कोणी सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं की ते त्यांच्यासमोर निघणार. शिवाय माझंच चुकत असेल तर? मला कापड कळत होतं, विमान कुठे कळत होतं? कदाचित वर गेल्यावर वाऱ्याने ते वाळलं असतं. कदाचित एवढा झोळ चालत असेल. प्रोफेसरांना विचारावं तर ते दोर धरून माझ्याकडे पाठ करून उभे होते.

“दादा,” मी म्हणाले.

वारा नेमका त्याच वेळी आला. दादाने माझ्याकडे पाहिलं. ओठ हललेले त्याला दिसले असावेत, कारण तो हसला आणि त्याने अंगठा वर केला. मी त्याला यश चिंतलं असं त्याला वाटलं.

“चाला!” पायलट ओरडला.

दोन्हीकडचे गडी उताराने चालू लागले. दोर जमिनीवरून उचलला गेला. वाऱ्याची आणखी एक झुळूक आली आणि माझ्या तळव्यावर कापड फडफडलं, दोरीवरच्या कपड्यासारखं, हलकेच. साहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. घारी अजून दगडांवरच होत्या.

“पळा!”

प्रोफेसरांचा कोट उडत होता. दोर ताणत ताणत बारीक झाला आणि कुरकुरू लागला. शेपूट धरलेले दोघे टाचा रोवून मागे झुकले. सगळं ग्लायडर ताणाने थरथरत होतं आणि तो थरथराट माझ्या हातातून कोपरापर्यंत येत होता. दादा समोर बघत होता. त्याची मान मला मागून दिसत होती, आईने सकाळी लावलेलं तेल कानामागे ओघळलेलं.

पायलटने हात वर नेला. तो खाली आला की ‘सोडा’.

‘कोणीही’ असं दादा म्हणाला होता. म्हैससुद्धा. मी पंखाचं टोक दोन्ही हातांनी धरलं, आणि तो आवाज माझाच असेल असं मला वाटलं नाही, इतका मोठा निघाला.

“थांबा! पंख बसलाय!”