गुनसूत्र

हे लिहायचा अधिकार मला आहे की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा. उच्चाराची माफी मात्र मागणार नाही. का, ते सांगते.

माणिकपूरचं आमचं कॉलेज. मॅडम फळ्यावर ‘एक्सपीए’ लिहून समजावत होत्या. हे आपल्या पेशीतलं एक प्रथिन. उन्हाने डीएनएला इजा झाली की दुरुस्ती करणारी बाकीची प्रथिनं त्या जागी जमवायला ते लागतं. मी हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदा.

"मॅडम, गुनसूत्रातली इजा दुरुस्त करनारं हे प्रथिन एखाद्यात नसलंच तर?"

"गुनसूत्र?" मॅडम हसल्या. "मंगळसूत्राची बहीण का गं? ण म्हण, ण. पाणी. लोणी. थेट मिठागरातून आलीस का?"

वर्ग खिदळला. त्यांनी मला पाच वेळा म्हणायला लावलं. पाचही वेळा न-च आला. मी बसले. उत्तर राहिलं.

मी मिठागरातूनच आले होते. आई-बाबा तिथेच राबतात. धाकटी बहीण सात वर्षांची. तान्ही असताना आई तिला बांधावर टोपलीत निजवायची. वर ऊन, समोर पांढरं मीठ. तिची कातडी भाजायची, फोड यायचे. आता तोंडभर काळे ठिपके. उजेडात डोळे उघडत नाहीत. दवाखान्यात म्हणाले, "साबणाने धूत जा." गावातली पोरं तिला ‘तीळपापडी’ म्हणतात.

मला एवढंच विचारायचं होतं.

पुढच्या तासाला परत उभी राहिले.

"मॅडम, तो उच्चार मला येत नाही. पन प्रश्न तोच आहे. माझ्या बहिनीसाठी विचारते."

मागून कोणीतरी "बहिनीसाठी!" म्हणालं. या वेळी मॅडम हसल्या नाहीत. मी ठिपक्यांचं सांगितलं. फोडांचं, डोळ्यांचं.

"तिला उन्हात सोडू नकोस," त्या म्हणाल्या. "आजपासून. आणि मोठ्या हॉस्पिटलात त्वचेच्या डॉक्टरांना दाखव." ‘माझं चुकलं’, असं मात्र म्हणाल्या नाहीत.

मुंबईला जाऊन धाकटीचं रक्त तपासायला दिलं. घराच्या खिडक्यांना जाड चादरी ठोकल्या. वाट पाहण्याखेरीज हातात काही नव्हतं.

काल डॉक्टरांचा फोन आला. जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष आहे. एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. ते प्रथिन तिच्या अंगात तयारच होत नाही. बाहेरून देता येत नाही. ऊन टाळायचं. जन्मभर.

आईने विचारलं, "मी टोपलीत निजवली म्हनून झालं?"

"नाही आई. ते गुनसूत्रातूनच आलं. उन्हाचं आपल्याला कोनी सांगितलंच नाही."

घरात कोणी हसलं नाही. पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा आहे. ‘गुनसूत्र’ हा शब्द मी आईला सांगितला तसाच म्हणणार आहे.