लाईल प्रुइटची मूळ पट्टी

लाईल प्रुइटच्या मागे उभं राहून मी एकतीस वर्षं बास गिटार वाजवली. त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याची पाठ माझ्या जास्त ओळखीची आहे. उजवा खांदा वर गेला की समजायचं, आता हा गाणं लांबवणार. मान डावीकडे कलली की समजायचं, पुढच्या टेबलावर कुणीतरी गप्पा मारतंय आणि त्याची आता धडगत नाही.

आम्ही तिघेही ब्रॅग्ज लँडिंगचे. मिझुरीच्या तळाला, नदीच्या अलीकडचं गाव. लाईल गायचा आणि गिटार वाजवायचा, क्लीट ड्रम बडवायचा, आणि मी मार्व्हिन टीग. सुरुवातीला एक ऑर्गनवालाही होता, पण टल्सात एका दंतवैद्याच्या मुलीशी लग्न करून तो उतरला तो उतरलाच. तो राहिला असता तर पुढचं पाप माझ्या हातून घडलं नसतं. गिटारच्या तारा सैल करता येतात, ऑर्गनला ताराच नसतात.

वर्षाला दोनशेवीस कार्यक्रम. चार व्हॅन झिजवल्या. तिसऱ्या व्हॅनला तर मागचं दार उघडायला क्लीटची लाथ लागायची, दुसऱ्या कुणाच्या लाथेला ती दाद देत नसे. आम्ही प्रसिद्ध झालो नाही. पण फार्गोपासून मोबीलपर्यंत प्रत्येक गावात चाळीस-पन्नास माणसं अशी होती, जी आमची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवत. लाईलला तेवढं पुरायचं. मलाही पुरायचं, असं मी तेव्हा म्हणत असे.

अरलीनला मात्र ते पुरत होतं की नाही, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही.

अरलीन ही लाईलची बायको. गावातल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये ती पियानो वाजवायची आणि आठवडाभर घरी पोरांना शिकवायची. बारच्या दारात तिने कधी पाऊल टाकलं नाही, त्यामुळे नवऱ्याचा कार्यक्रम तिने जत्रेतला एक सोडला तर पाहिलेला नव्हता. चौऱ्याऐंशी साली आम्ही पहिल्यांदा लांबच्या दौऱ्यावर निघालो, तेव्हा ती व्हॅनच्या खिडकीशी आली. मी सामान कोंबत होतो.

"आता जातोयस ते ठीक," ती म्हणाली. "पण परत कधी? कायमचा म्हणतेय मी."

लाईलने तिच्यासाठी एक गाणं केलं होतं, 'नावाडी, थांब'. पलीकडे जाणाऱ्या होडीला बायको हाक मारते, असं काहीसं. तिसऱ्या कडव्यात तो 'थांब' एवढा वर जातो, की ऐकणाऱ्याचाच घसा दुखावा.

"तो 'थांब' ज्या दिवशी लागणार नाही," लाईल म्हणाला, "त्या दिवशी गाडी वळवीन आणि सरळ तुझ्या अंगणात आणून उभी करीन. पट्टी उतरवून गाणाऱ्यातला मी नाही. ज्या पट्टीत केलं तिथेच गाईन, नाहीतर गाणार नाही."

"देवाला साक्ष ठेवून बोलतोयस?"

"तुला ठेवून. देवाला कामं आहेत."

ती हसली, आणि दारावर दोनदा थाप मारून मागे झाली. एवढंच त्यांचं बोलणं. पण दोघांनीही ते एकतीस वर्षं लग्नातल्या शपथेपेक्षा जास्त पाळलं. ती कधीही 'ये' म्हणाली नाही, आणि तो रोज संध्याकाळी पाच वाजता, जिथे असेल तिथून तिला फोन करायचा. आधी नाण्यांच्या फोनवरून, मग खिशातल्या. त्या वेळात त्याच्या दोन्ही गिटारी लावून ठेवायचं काम माझं. क्लीटच्या झांजा तीस वर्षं डाव्या कानाशी खाऊन लाईलचा तो कान गेलाच होता, आणि सूर लावण्याचा त्याला मुळातच कंटाळा.

"लावलीस का रे?" आल्या आल्या विचारायचा.

"लावली."

झालं. पुन्हा तपासायचा नाही. माझ्यावर एवढा विश्वास माझ्या आईनेही टाकला नव्हता.

दोन हजार नऊच्या जानेवारीत, आयोवातल्या डब्यूकला, तो 'थांब' तुटला. म्हणजे चिरकला, आणि मग नुसती हवा आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं मुद्दामच केलंय. लाईल वळून माझ्याकडे बघून हसला, पण खांदे पडले होते.

दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये तो म्हणाला, "सर्दी असेल. एकदा सोडून दिला. आज पुन्हा तुटला, तर उद्या घरी."

क्लीट मागून म्हणाला, "घरी जाऊन काय करणार? गवत कापणार?"

"कापीन की. अरलीनला हिरवळीचा फार शौक."

तो हे गमतीने बोलत नव्हता. गाडी मी चालवत होतो. मी चोपन्न वर्षांचा होतो. माझी दोन लग्नं याच व्हॅनने खाल्ली होती, मूल नाही, गावात घर म्हणून बहिणीच्या गॅरेजवरची खोली. लाईल उतरला की त्याला अंगण होतं. मला व्हॅनच होती. आणि त्या दिवशी पाच वाजता तो फोनवर बोलायला बाहेर बर्फात गेला, तेव्हा मी त्याच्या दोन्ही गिटारींच्या तारा काढून जराशा जाड तारा चढवल्या, म्हणजे बोटांखाली सैल लागू नयेत, आणि सगळं अर्धा सूर खाली लावलं. माझी बासही.

क्लीट बघत होता.

"मला काही विचारू नकोस," तो म्हणाला. "मी ड्रमवाला. मला सूर-बीर कळत नाही."

"तुला कुणी विचारलंय?"

"मग बरंय."

त्या संध्याकाळी 'थांब' असा लागला, की खिडक्यांच्या काचा बोलल्या. लाईल पोरासारखा नाचत खाली उतरला. दुसऱ्या दिवशी पाचला मी गिटार लावत असताना दारातून त्याचा आवाज येत होता. "अगं, नव्हतंच काही! नुसती सर्दी होती! अजून जान आहे गळ्यात!" आणि मग थोडं थांबून, "हो. हो गं. तू म्हणशील तसं. पण लागतोय म्हटल्यावर..."

तिकडून ती काय म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही, हे खरं.

पुढे दोन वर्षांनी आणखी अर्धा सूर उतरवला. त्यानंतर दोन वर्षांनी आणखी अर्धा. एकूण तीन पायऱ्या. सगळी वाद्यं मिळून उतरली की कान फसतो, आणि लाईल बोटांच्या जागा बघून वाजवणारा माणूस. स्वतःच्या जुन्या रेकॉर्डी तो ऐकत नसे. घरी आला की गळ्याला सुट्टी. तिकडून धोका नव्हता. धोका होता तो गावोगावच्या हौशी मंडळींचा. आमच्यात रीत आहे, गावातला जुना वाजवणारा आला तर एक गाणं त्याला सोबत वाजवू द्यायचं. मी मात्र नाना कारणं सांगून लोकांना वाटेला लावायला लागलो. माणूसघाणा म्हणून माझं नाव झालं.

पण सेडेलियात एक म्हातारा माउथ ऑर्गनवाला थेट वर चढला. लाईलनेच बोलावलं त्याला. माउथ ऑर्गन एकेका पट्टीचा वेगळा असतो. त्याने नेहमीचा काढला, तोंडाला लावला, एक फुंकर मारली आणि थबकला. माझ्याकडे बघितलं. मी बोटांनी खालची पट्टी दाखवली. त्याने एकदा लाईलच्या पाठीकडे बघितलं, बंडीच्या खिशातून दुसरा काढला आणि मुकाट्याने वाजवलं. उतरताना माझ्या कानाशी म्हणाला, "त्याला सांगितलंयस का?"

"नाही."

"माझ्या पोरांनी माझी गाडी अशीच बंद पाडली होती. बॅटरी काढून ठेवली आणि म्हणाले, बिघडलीय." तो जिना उतरला. "त्यांना अजून माफ केलेलं नाही मी."

मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. माझं तर उलट होतं ना, मी चालू ठेवत होतो!

दोन हजार पंधराच्या सप्टेंबरात नेब्रास्कात असताना पाचचा फोन लांबला. लाईल आत आला तेव्हा त्याने 'लावलीस का' विचारलं नाही. अरलीनला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. तिला जूनमध्येच कळलं होतं.

"जूनमध्ये!" तो म्हणाला. "मी रोज बोलतोय तिच्याशी. रोज!"

आम्ही अकरा तासांत गावी पोचलो. मध्ये एकदा पेट्रोल भरताना लाईल म्हणाला, "मी विचारलं तिला, का नाही सांगितलंस? तर म्हणते, तुझा सूर अजून आहे, मी कशाला मध्ये येऊ."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. बहिणीने तळलेले मासे दिले होते, ते घेऊन. अरलीन फार वाळली होती, पण केस विंचरून खुर्चीत बसली होती. म्हणाली, "मार्व्हिन, बरा आलास. आज मला माझं गाणं ऐकायचंय. आणि पियानो मी वाजवणार, तुमचा तो गोंगाट नको."

लाईलने तिला उचलून पियानोपाशी बसवलं, पाठीला उशी दिली. तो पियानो दर वसंतात साइकस्टनचा माणूस येऊन लावून जायचा. तो कुणासाठी खाली उतरणार नव्हता. मला निघून जायला हवं होतं, किंवा तोंड उघडायला. मी कॉफीचा कप हातात धरून उभा राहिलो.

तिने मूळ पट्टीत सुरुवात केली. पहिलं कडवं लाईलने ओढत नेलं, दुसऱ्यात शिरा ताणल्या, आणि तिसऱ्यात 'थांब' आलाच नाही. चिरकलासुद्धा नाही, तोंड उघडं राहिलं नुसतं.

"पुन्हा," तो म्हणाला. "बसलाय गळा. पुन्हा घे."

पुन्हा तेच. अरलीनने मान वर केली नाही. तिने ते कडवं अर्धा सूर खाली घेतलं, चर्चमध्ये म्हाताऱ्या गाणाऱ्यांसाठी घेते तसं, न बोलता. नाही लागला. आणखी अर्धा. नाही. आणखी अर्धा, आणि तिथे 'थांब' लागला, स्वच्छ, भरलेला, काल-परवापर्यंत लागत होता तसाच.

लाईल गाता गाता थांबला. त्याने गळ्यावर हात ठेवला. मग वळून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तो असा सरळ माझ्याकडे बघत उभा राहिला नव्हता.

"किती वर्षं?"

"सहा," मी म्हणालो. "साडेसहा. डब्यूकनंतर."

"का?"

मला सांगायचं होतं, तुझ्यासाठी केलं. व्हॅनमध्ये हजारदा घोकलेलं उत्तर होतं ते. पण अरलीन बसली होती समोर, तिथे ते तोंडातून निघेना.

"पाच वाजता फोन करायला मला कुणी नव्हतं, लाईल."

अरलीनचे हात मांडीवर होते. ती म्हणाली, "मी रोज विचारायचे याला, आज लागला का. हा म्हणायचा, लागला. मी म्हणायचे, बरं झालं. आणि फोन ठेवून एकटीचंच ताट वाढून घ्यायचे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कॉफी गार झाली असेल. आत किटलीत आहे, तुझी तू घे. माझ्यात उठायचं बळ नाही."

मी आत गेलो नाही. मागच्या दाराने बाहेर पडलो आणि गावाबाहेर बांधापर्यंत चालत राहिलो. मला माझी लाज वाटत होती. आजही वाटते.

अरलीन त्यानंतर सतरा दिवस होती.

ती गेली त्या संध्याकाळी लाईलचा फोन आला. "शनिवारी दोन वाजता. बास घेऊन ये. माझी गिटार मी लावलीय."

चर्चमध्ये गेलो तेव्हा त्याने जुन्या बारीक तारा चढवलेल्या दिसल्या. माझ्या बासच्या खुंट्या मी तिथल्या पियानोवरून मूळ पट्टीवर आणल्या, तो शेजारी उभा राहून ऐकत होता. "वर," तो म्हणाला. "अजून वर. हां." क्लीटने ड्रमच्या काठ्यांऐवजी फक्त तारांचे मऊ कुंचले आणले होते.

गावाला माहीत होतं हे गाणं कुणाचं आहे ते. तिसऱ्या कडव्याशी मी मनात म्हणत होतो, तो सूर गाळ, लाईल, नाहीतर खालून घे, कुणी काही म्हणणार नाही. त्याचा उजवा खांदा वर गेला. त्याने छाती भरून घेतली, 'थांब'ला हात घातला, आणि तो तुटला. सगळ्या गावासमोर, तिच्या शवपेटीपासून चार पावलांवर. कुणीतरी हुंदका दिला. लाईलने तो तुटलेला सूर सोडला नाही, हवा संपेपर्यंत धरला, मग गाणं पुरं केलं.

जेवण खाली तळघरात होतं. बायकांनी हॅम, घेवड्याची भाजी, सात प्रकारचे केक आणले होते. लोक येऊन त्याचा हात धरून जात होते. मी आणि क्लीट खुर्च्या आवरायला म्हणून शेवटपर्यंत थांबलो. लाईल माझ्याशी बोलला नव्हता, पण मला जा असंही म्हणाला नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. लाईल ताट बाजूला ठेवून उठला, सवयीने जिन्यापाशी गेला, खिशातून फोन काढला आणि बोटाने एक आकडा दाबला. मग त्याच्या लक्षात आलं. तो तसाच उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. ती पाठ मला वाचता येते. मी जवळ गेलो.

"मार्व्ह," तो वळला नाही, "आज सांगायचं होतं तिला. तुटला म्हणून. येतो म्हणून."