तापली की तुटणारी कॉईल

थंड असेपर्यंत बाबांची गाडी निर्दोष चालत असे. आमच्या गावापासून मंठ्यापर्यंत ती कुरकुरतही नसे. मंठा मागे पडून इंजिन पुरते तापले, की मात्र मिसिंग सुरू होई. आधी एखादा हिसका, मग सलग अडखळणे, आणि शेवटी रस्त्याच्या कडेला शांतता. बाबा खाली उतरत, बॉनेट उघडत, बाटलीतल्या पाण्याने फडका भिजवून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर पसरत आणि जवळच्या झाडाखाली तंबाखू मळत बसत. तंबाखू थुंकून झाल्यावर किल्ली फिरवली की गाडी सुरू होई. आमच्या भागात कार्बुरेटरची जुनी गाडी बाळगणारा प्रत्येक जण हेच करतो. पेट्रोल उकळते, पंप थंड केला पाहिजे, हे सर्वांना ठाऊक असते. मंठ्याच्या मिस्त्रीलाही ठाऊक होते, म्हणून त्याने नवा पंप बसवला आणि कार्बुरेटर दोनदा धुतला. गाडी बंद पडायची ती पडतच राहिली.

गेल्या उन्हाळ्यात भौतिकशास्त्राची शेवटची परीक्षा देऊन मी घरी आले तेव्हा या गोष्टीला एकाएकी वजन आले होते. ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. तिचा रक्तदाब वाढलेला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की कळा सुरू होताच वेळ न घालवता जालन्याला या. इथल्या इथे काही करू नका. आणि जालन्याला जायचे तर मंठ्याच्या पुढचा तो सगळा रस्ता गरम इंजिनावरच कापायचा होता.

माझा आक्षेप पंपावर नव्हता, तर्कावर होता. उपाय लागू पडतो असे समजून त्यावरून दोष ठरवला गेला होता. दोष कुणी पाहिलाच नव्हता. फडका टाकणे आणि वाट पाहणे या दोन क्रिया नेहमी एकत्र घडत होत्या. त्या वेगळ्या केल्याशिवाय काहीच सिद्ध होत नव्हते.

मी बाबांना मंठ्यापुढे फेरी मारायला लावली. गाडी नेहमीच्या टप्प्यात बंद पडली. मी फडका त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आता नुसते बसायचे. तंबाखू मळा."

"अन् पंप?"

"पंपाला हात लावायचा नाही."

"सगळं गाव फडका टाकतं. सगळं गाव याडं हाय का?"

"गाव वेडे नाही, बाबा. फडका टाकल्यावर गाडी सुरू होते हे खरेच आहे. ती फडक्यामुळे सुरू होते का, एवढेच बघायचे आहे."

"बघ मंग. तुझ्या कालेजात हेच शिकवून राह्यले वाटतं, भर उन्हात बापाला बसवायचं."

तंबाखू संपली, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. फडका कोरडा होता. दुसऱ्या खेपेला मी उलटे केले. गाडी थांबताच पंपावर भरपूर पाणी ओतले आणि लगेच सुरू करून पाहिली. ती सुरू झाली नाही. त्याच क्षणी मी एअर फिल्टरचे झाकण काढून ॲक्सिलरेटरची दांडी हाताने ओढली. कार्बुरेटरमध्ये पेट्रोलची धार स्वच्छ उडाली. पेट्रोल पोहोचत होते. मग ठिणगी पाडणारा एक जादा स्पार्क प्लग त्याच्या जाड वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि बाबांना किल्ली फिरवायला सांगितले. ठिणगी पडली नाही. थांबून, इंजिन निवल्यावर तेच केले तेव्हा निळी, टणक ठिणगी पडली.

बाबांनी तो प्लग हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "करंटच येत न्हाई म्हणती?"

"गरम असताना येत नाही."

"अन् थंड झाल्यावर येतो. असं कसं करंटला कळतं?"

प्रश्न चांगला होता. बॅटरीच्या बारा व्होल्टपासून ठिणगी पडण्याइतका प्रचंड विद्युतदाब तयार करणारी कॉईल म्हणजे केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी. आत कुठे तार अर्धवट तुटलेली असेल, तर थंडीत तिची टोके एकमेकांना टेकून राहतात आणि उष्णतेने सगळे फुगले की दूर सरकतात. पण हाही तूर्त अंदाजच होता. प्लगची वायर किंवा प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला एखादा भागही तापून असेच करू शकतो. मला कॉईल एकटीच, गाडीबाहेर तापवून बघायची होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती काढली, दुधाच्या पिशवीत गुंडाळली, तोंड वर ठेवून पातेल्यातल्या पाण्यात धरली आणि गॅस लावला. मल्टीमीटरच्या तारा तिच्या टोकांना चिकटवलेल्या होत्या. आई दाराशी उभी होती.

"त्याच पातेल्यात रातीचं वरण शिजवायचंय."

"घासून देते."

"काय शिजवून राह्यली, ते तरी सांग."

पाणी तापत गेले तसा मीटरवरचा रोधाचा आकडा आधी स्थिर होता, मग डळमळू लागला आणि एका क्षणी नाहीसा झाला. आत करंटचा मार्ग तुटला होता. मी पिशवी बाहेर काढून किंचित निवू दिली. आकडा परत आला. पुन्हा बुडवली, पुन्हा गेला. मला इतका आनंद झाला की आतल्या खोलीतून आलेली हाक मी पहिल्यांदा ऐकलीच नाही.

दुसरी हाक मात्र सगळ्यांनी ऐकली. ताई भिंतीला धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

पुढे सगळे एकदम झाले. आईने रुग्णवाहिकेला फोन लावला. ती दुसऱ्या बाळंतिणीला घेऊन निघालेली होती, परत यायला वेळ होता. बाबांनी मंठ्यातल्या ओळखीच्या जीपवाल्यांना विचारले. लग्नाची दाट तिथी होती. प्रत्येक जीप कुठल्या ना कुठल्या वऱ्हाडात अडकलेली. राहिली आमची गाडी, आणि तिची कॉईल माझ्या हातात वाफाळत होती.

मी ती पिशवीसकट रांजणात बुडवली.

"मंग आता?" बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होते.

"थंड कॉईल मंठ्यापर्यंत नेईल. रोज नेतेच. मंठ्यात नवी घ्यायची, तिथेच बदलायची, मग पुढे."

कॉईल बसवून आम्ही निघालो. बाबा चालवत होते, आई आणि ताई मागे, मी पुढे पाना आणि मीटर घेऊन. ताईची प्रत्येक कळ मला पाठीमागून तिच्या श्वासावरून कळत होती, आणि दोन कळांच्या मध्ये मी इंजिन ऐकत होते. मंठ्याची पहिली दुकाने दिसली आणि गाडीने रोजच्यापेक्षा लवकर एक बारीक हिसका दिला. इतका बारीक, की आईला तो खड्डा वाटला असावा. बाबांना कळला. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला.

"बाबा, दुकान डावीकडे आहे."

"चालती हाय ना? चालू दे. एकदा बंद केली अन् झालीच न्हाई सुरू, तर काय करती?"

"न थांबता गेलो तर पुढच्या वाटूर गावाच्या आधी ती स्वतःच बंद पडेल. तिथे दुकान नाही."

"चालती गाडी बंद करू? लेकरू मागं तडफडून राह्यलं अन्..."

"बंद करा, बाबा," ताई मागून म्हणाली. शब्द दातांतून येत होते. "हिचं काय ते जल्दी होऊ द्या."

त्यांनी गाडी दुकानासमोर घेतली आणि किल्ली बंद केली. त्या शांततेत मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुकानदाराकडे आमच्या गाडीची कॉईल नव्हती. दुसऱ्या, थोड्या मोठ्या गाडीची होती. "लागंल, बिलकुल लागंल," तो म्हणाला. मी मीटर काढला. आतला रोध जुन्यापेक्षा फार कमी असता, तर जास्त प्रवाह ओढून तिने वाटेत दुसरेच काही जाळले असते. जुनी मोजली, नवी मोजली, आणि खात्रीसाठी नवी पुन्हा मोजली.

"म्याडम, कॉईल हाय ती, सोनं न्हाई. कसाला लावून राह्यल्या."

"रोध बरोबर आहे. द्या."

कॉईल धरून ठेवणारा जुना पट्टा नवीला पुरेना. दुकानदाराने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून दिली. तिने मी कॉईल आवळून बांधली. अधिकची वायर, उण्याची वायर, मधली जाड वायर. बाबा स्टिअरिंगवर बसून माझ्याकडे नव्हे, आरशातून ताईकडे बघत होते.

"मारा."

स्टार्टर फिरला. इंजिन पेटले नाही. पुन्हा फिरला, नाही. मागे आई काहीतरी पुटपुटत होती. मी स्वतःला शब्दशः सांगितले: घाबरू नकोस, बघ. दोन बारीक वायरी जागेवर होत्या. जाड वायर दिसायला जागेवर होती. मी तिच्यावर अंगठा रोवला आणि ती कट्ट आवाज करून आणखी आत गेली.

"आता मारा!"

पहिल्याच फेऱ्यात इंजिन पेटले. बॉनेट आदळून मी बसेपर्यंत बाबांनी गिअर टाकला होता.

नेहमीचा टप्पा आला. बाबांची बोटे स्टिअरिंगवर पांढरी पडली होती. जिथे आम्ही नेहमी थांबत असू ते झाड मागे गेले, मग पुढची शेते, मग एक पूल. इंजिनाचा आवाज सलग होता. वाटूर गेले. ताईने माझ्या सीटची पाठ इतक्या जोरात धरली की तिची नखे कापडातून जाणवली. आई तिला श्वास मोजायला लावत होती आणि स्वतःच आकडे चुकत होती.

जालन्यात शिरल्यावर मस्तगडाच्या गर्दीत एक वरात आडवी आली. गाडी जागच्या जागी घुरघुरत राहिली. तापमानाचा काटा तांबड्याकडे सरकू लागला. इंजिन इतके तापलेले मी आजवर पाहिले नव्हते. बाबा काच खाली करून ओरडले, "बाळंतीण हाय, वाट द्या!" बँडवाल्यांनी वाजवणे थांबवले. फेटे बांधलेल्या दोघांनी हातांनी लोक बाजूला सारले आणि गाडी, न अडखळता, मधून निघाली.

रुग्णालयात ताईला थेट आत नेले. रक्तदाब खूप वाढला होता. शस्त्रक्रिया ताबडतोब करावी लागेल असे डॉक्टर म्हणाले आणि दार बंद झाले. आता मोजण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. बाबा आणि मी एका बाकावर बसलो. बाबा म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तर?" मी बोटांवरची काळी ग्रीस कपड्यांना पुसत राहिले.

मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. संध्याकाळी मला आत सोडले तेव्हा ताई ग्लानीत होती, पण डोळे उघडे होते.

"रस्त्यात बंद पडली असती तर गं?"

"नसती पडली."

"एवढी खात्री होती तुला?"

"वाटूरपर्यंत नव्हती."

ती हसली, टाक्यांनी कळवळली, आणि माझ्या काळ्या बोटांकडे बघत म्हणाली, "आधी हात धुऊन ये. मग घे तिला."